सहीच्या वरची कोरी जागा

निवृत्त मुख्याध्यापक वही काखेत मारून दुकानात आले, तेव्हा मी एका परातीवर नाव टाकत होते. आमचं भांड्यांचं दुकान आहे, नांदूरघाटजवळच्या एका मोठ्या गावात. लग्नाचं भांडं विकलं की त्यावर देणाऱ्याचं नाव टाकून द्यायचं, हा इकडचा रिवाज. ते काम मी लग्न होऊन या घरात आल्यापासून माझ्याकडेच आहे. मशीन सुरू असलं की त्याच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नाही. मास्तर उभ्या उभ्या काहीतरी वाचत होते, ते मला कळलंच नाही. मशीन बंद केलं आणि म्हटलं, "आता वाचा."

मुलींच्या शाळेचा मोठा कार्यक्रम ठरलाय. त्यानिमित्त मास्तर गावाच्या इतिहासाची छोटी पुस्तिका काढतायत, आणि तिच्यात एक परिच्छेद माझ्यावर आहे, कारण काही वर्षांपूर्वी मी या गावची सरपंच होते. मास्तरांनी घसा खाकरून वाचलं, "तालुक्याच्या सर्वेसर्वा नेत्यापुढे ताठ मानेने उभी राहून मुलींच्या शाळेचे मैदान वाचवणारी रणरागिणी." दुसऱ्या दिवशी सकाळी मजकूर छापखान्यात जाणार होता. मी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं.

दुकानात अजून एक बाई बसली होती. गावात टोपली घेऊन भाजी विकणारी मावशी. नातीच्या लग्नात द्यायला ती हंडा घ्यायला आली होती. मास्तरांचं वाचून झालं. तिनं हातातला हंडा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. हो म्हणायला उघडलेलं माझं तोंड तसंच मिटलं. माझ्याकडे असं बघायचा हक्क गावात कुणाला असेल तर तो तिला आहे. का, ते सरळच सांगते. वाकडं सांगणारे गावात पुष्कळ आहेत.

सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा बापूनं माझ्यावर बोट ठेवलं. बापू म्हणजे आमचा तालुक्याचा नेता. कॉलेज त्याचं, दूध संघ त्याचा, पतसंस्था त्याची, आणि कुठल्या गावात कोण सरपंच होणार हे त्याच्या बैठकीत ठरायचं. मी तेव्हा त्याला अहो-जाहो करत होते. आता लिहिताना एकेरीवर आलेय, ते चुकून नाही. मी हुशार होते म्हणून मला निवडलं, असं काही नव्हतं. नवरा भांड्यांचा व्यापारी, कपाळावर भस्म लावून गल्ल्यावर बसणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि मी दहावी शिकलेली, सही बऱ्यापैकी करणारी. एवढी पात्रता पुरली.

ग्रामपंचायतीची मासिक सभा कशी व्हायची ते बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही. सभा व्हायचीच नाही. ग्रामसेवक प्रोसिडिंगची वही पिशवीत घालून दुकानात यायचा. एक कोरं पान उघडायचा आणि अगदी तळाशी बोट ठेवायचा. "अक्का, इथं." मी सही करायची. मग तो वही घेऊन बाकीच्या मेंबरांकडे जायचा. कुणी शेताच्या बांधावर सही करायचा, कुणी हॉटेलात चहा पिता पिता. सह्या आधी आणि ठराव नंतर. ठराव काय आहे, तो कुणी मांडला, कुणी अनुमोदन दिलं, हे सगळं बापूच्या बैठकीतून यायचं आणि आमच्या सह्यांच्या वर ठेवलेल्या कोऱ्या जागेत भरलं जायचं. शेवटचे दोन शब्द ठरलेले, सर्वानुमते मंजूर. आमच्याइतकं एकमत दुसऱ्या कुठल्या गावात झालं नसेल.

आणि हीच मी, भांड्यावर नाव टाकताना गिऱ्हाइकाला तीनदा विचारायचे. आडनाव आधी का नंतर, वडिलांचं नाव टाकायचं का, "सप्रेम भेट" वर हवं का खाली. एकदा पडलेलं अक्षर निघत नाही म्हणून. वाटीवर नाव टाकताना एवढी काळजी, आणि गावाच्या वहीत डोळे झाकून सही. तेव्हा मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

वेशीजवळ मोठा लिंब होता, कडुलिंब. त्याच्याखाली आठवडी बाजार भरायचा. मावशीची जागा अगदी बुंध्याला लागून, तिच्या सासूपासूनची. मी सरपंच झाल्यावर दुसऱ्या वर्षी बाजार तिथून उठला आणि गावाबाहेर नाल्याकाठी गेला. जुन्या जागेवर दुकानांचे गाळे उभे राहिले, बापूच्या माणसांचे. नाल्याकाठी सावली नाही, तिथपर्यंत गिऱ्हाईक जात नाही. मावशीनं चार बाजार वाट पाहिली आणि मग टोपली डोक्यावर घेऊन दारोदार फिरायला लागली. एक दिवस टोपली आमच्या पायरीवर ठेवून म्हणाली, "अक्का, तुज्या सहीनं झालं म्हनतेत लोक."

मी म्हटलं, "मावशी, वरून आलंय ते. माझ्या हातात काय हाय?"

तिला चहा दिला. तिनं तो बशीत ओतून प्यायला, कप-बशी स्वतः विसळून ठेवली आणि गेली. त्यानंतर कितीतरी वेळा तिनं तेच विचारलं, कधी शब्दांत, कधी नुसतं दुकानासमोर थांबून. आणि दरवेळी माझं उत्तर तयार, वरून आलंय. हळूहळू तिचे गुडघे गेले, आणि माझं उत्तर तेवढं धडधाकट राहिलं.

मग मला चष्मा लागला. हे मला बापूचे उपकार मानूनच सांगायला पाहिजे. त्याच्या वाढदिवसाला दरवर्षी नेत्रतपासणी शिबिर असायचं. सरपंच म्हणून फोटोपुरती मी पहिली खुर्चीत बसले, तर डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्हाला खरंच चष्मा लागलाय." बापूच्या हस्ते मला फुकट चष्मा मिळाला, टाळ्या वाजल्या, पेपरात फोटो आला. पुढच्या महिन्यात ग्रामसेवक वही घेऊन आला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो वही गल्ल्यावर ठेवून रस्त्यावर बोलायला गेला. चष्मा नवा होता. काहीतरी वाचून बघावं म्हणून मी मागची पानं उलटली.

"महिला विक्रेत्यांच्या मागणीवरून बाजारतळ नाल्याकाठी हलविण्यात यावा. सूचक, सरपंच." पान उलटलं. "वेशीजवळील लिंबाचे झाड धोकादायक झाले असल्याने तोडण्यात यावे. सूचक, सरपंच." दोन्हीखाली माझी सही, नेहमीसारखी वळणदार. इतकी वर्षं मी मावशीला वरून आलंय म्हणून सांगत होते, आणि वहीत त्याची सुरुवातच माझ्यापासून होती. त्यातही महिला विक्रेत्यांच्या मागणीवरून! म्हणजे मावशीचा बाजार मावशीनंच मागून उठवला, आणि मी तिच्या वतीनं सुचवलं.

मला काहीच माहीत नव्हतं, असं म्हणायला मला आवडेल. कोर्टात ते चाललंही असतं. पण खरं सांगायचं तर अंदाज होता. कोऱ्या जागेत चांगलं काही भरत नसणार, एवढी अक्कल मला होती. ती वापरायची नाही असं मी ठरवलं होतं.

आणि त्या दिवशी मी पेटून उठले असं कुणाला वाटलं असेल तर तसंही झालं नाही. ग्रामसेवक परत आला, बोट ठेवलं, "अक्का, इथं," आणि मी सही केली. कोऱ्या पानावर. पुढे जवळजवळ वर्षभर करत राहिले. फरक एवढाच की आता सही केल्यावर जेवण गोड लागत नव्हतं. ह्या वर्षाबद्दल गावात कुणालाच माहीत नाही. मी पहिल्यांदा सांगतेय.

मग मुलींच्या शाळेचं मैदान आलं. त्या मैदानावर माझ्या दोन्ही लेकी खो-खो खेळल्या, एक तर जिल्ह्यापर्यंत जाऊन आली. बापूच्या संस्थेला तिथं मंगल कार्यालय बांधायचं होतं, आणि त्याला ग्रामपंचायतीची ना हरकत पाहिजे होती. घाई होती म्हणून ह्या वेळी ठराव आधीच लिहून आला. सूचक, सरपंच. मी चष्मा लावला, पूर्ण वाचला आणि वही मिटली.

"सभा घ्या," मी म्हटलं.

ग्रामसेवक हसला. "सभा कावून, अक्का? झालीच की ती."

"मी न्हवते त्या सभेत. मी असताना घ्या."

सभा झाली. मेंबरांतल्या काहींनी ग्रामपंचायतीची ती खोली आतून पहिल्यांदाच पाहिली असणार, कारण खुर्च्या कुठं ठेवल्यात हे शिपायाला विचारावं लागलं. मी ठराव मोठ्यानं वाचायला लावला. मग म्हटलं, "माझी हरकत आहे असं लिहा." ग्रामसेवकानं वहीत वरखाली पाहिलं आणि अगदी मनापासून म्हणाला, "अक्का, तसं लिवायला जागाच न्हाई हो." तो खोटं बोलत नव्हता. सगळं पान आधीच भरलेलं होतं. मी वही ओढली आणि समासात उभं लिहिलं, "माझी हरकत आहे. मैदान मुलींचे आहे." भांड्यावर नाव टाकायचा हात, जोर एवढा पडला की अक्षरं खालच्या तीन कोऱ्या पानांवर उमटली.

दुसऱ्या दिवशी बापू स्वतः दुकानात आला. नवरा हंड्यांच्या चळतीमागं काहीतरी शोधायला गेला आणि बराच वेळ त्याला ते सापडलं नाही. बापू स्टुलावर बसला, गोड आवाजात म्हणाला, "अक्का, चुकून लिवलं आसंल. खोडून टाका."

"बापू, मी भांड्यावर नाव टाकते. पडलेलं अक्षर निघत न्हाई."

"खुर्ची मी दिलती तुमाला."

"दिलती. घेऊन जा."

हे बोलताना मी मान खाली घालून गल्ल्यातली चिल्लर मोजत होते. हेही लिहून ठेवते, कारण ताठ मानेबद्दल मास्तरांनी फार लिहिलंय.

आठवड्यात अविश्वासाचा ठराव आला. मला धरून अकरा मेंबर, त्यांपैकी नऊ जण एका गाडीतून देवदर्शनाला गेले. आमच्याकडे अविश्वासाच्या आधी मेंबरांना अचानक देव आठवतो, गाडी आणि मुक्काम नेत्याकडून असतो, आणि फोन गाडीत बसतानाच काढून घेतात. एक बाई तापाचं सोंग करून घरी राहिली. तिचे उपकार मी विसरणार नाही. मतदानाच्या दिवशी बाकीचे मांजरसुंब्याला धाब्यावर नाष्टा करून थेट सभेत उतरले, सगळ्यांच्या कपाळाला गुलाल. तहसीलदारांनी विचारलं आणि नऊ हात वर गेले. मला काढायला नऊच लागत होते. सभा संपल्यावर त्यांच्यातला एक जण माझ्यापुढं डबी धरून म्हणाला, "घ्या अक्का, परसाद. देवाला गेलतो. तुमच्यासाठी बी मागितलं." मी पेढा घेतला. चांगला होता.

खुर्ची गेली, पण वहीतलं पान त्यांना फाडता आलं नाही, पानांना नंबर असतात. शाळेतल्या मुलींच्या आयांनी अर्ज करून त्या पानाच्या नकला काढल्या आणि जिल्हा परिषदेत नेऊन दिल्या. सरपंचाचीच हरकत आहे म्हटल्यावर मंगल कार्यालयाचा कागद तिथं अडकला तो अडकलाच. मैदान आजही मैदान आहे. उद्याचं मी सांगत नाही.

त्यानंतर गावानं माझा जो न्याय केला तो ऐकण्यासारखा होता. पानटपरीवर, "दुसऱ्या पार्टीनं फोडली बे तिला." पारावर, "नवऱ्यानं पढवलं आसंल." शिकलेले लोक जरा सभ्य शब्द वापरायचे, "इतकी वर्षं कुठं होतात?" माझा सख्खा भाऊ, दिंद्रुडला त्याचा व्यापार आहे, तोही म्हणाला, "ताई, लई उशीर केलास." त्याच्या दुकानात बापूला हार घालतानाचा फोटो होता, त्याच्याखाली बसून म्हणाला.

मला ह्याचा संताप येतो, आजही येतो. बापूला जन्मभर हो म्हणणाऱ्याला कुणी कधी विचारत नाही की बाबा, का म्हणालास? तो मजेत मरतो, त्याच्या दहाव्याला गर्दी होते. आणि जो एकदा नाही म्हणतो, त्याला सगळे धरतात. आधी का नाही म्हणालास, कुणाच्या सांगण्यावरून म्हणालास, तुला काय मिळालं. उशीर झाला, मान्य आहे. पण मला उशीर झाला म्हणणारे अजून घरातून निघालेलेच नाहीत. त्यांना मी उत्तर देणं लागत नाही, आणि दिलंही नाही.

मागच्या निवडणुकीत बापू पडला. चांगलाच पडला. आणि गावाला एकाएकी माझी आठवण झाली. नऊच्या नऊ जण आता सांगतात की मनातून ते माझ्याच बाजूचे होते. पेढा देणारा शाळेच्या कार्यक्रम समितीत आहे. रणरागिणी हा शब्द त्यानंच सुचवला, असं मास्तर कौतुकानं म्हणाले. नेता उभा होता तेव्हा मी फुटलेली बाई होते, तो पडल्यावर रणरागिणी झाले. मी तर जागची हलले नाही, भांडीच विकतेय. असा हार मला गळ्यात नको.

पण नको म्हणायचं एक कारण ह्या सगळ्याहून मोठं होतं, आणि ते समोर हंडा घेऊन बसलं होतं. मला जाब विचारायचा हक्क मावशीला एकटीला होता आणि तिनं तो आजपर्यंत चारचौघांत कधी वापरला नव्हता.

"मास्तर," मी म्हटलं, "त्याच्या आधी एक वाक्य घाला. याच सरपंचाच्या सहीने लिंबाखालचा बाजार उठला आणि लिंब तोडला गेला."

मास्तरांनी चष्मा काढला. "अक्का, चांगलं तेवढंच लिहू. कार्यक्रमाला पाहुणे येणार. इतिहासात हे कशाला?"

"झालंय म्हणून."

"लोक म्हणतील, मग हिचं कौतुक कशाला?"

"म्हणू द्या. माझं एक 'न्हाई' तुम्हाला छापायचंय, तर त्याच्या आधीचे सगळे 'हो' पण छापा. दोन्ही घाला. नुसतं 'न्हाई' तेवढं छापलंत तर मी कार्यक्रमात उभी राहून सगळ्यांपुढं सांगेन, तुमचीच पंचाईत होईल."

मास्तर मावशीकडे वळले. त्यांना वाटलं ती तरी मला समजावेल. ती म्हणाली, "लिव्हा की, मास्तर. ती सांगतीय ते लिव्हा. मला वाचता येत न्हाई, पन नात वाचून दावील." मास्तरांनी पेन्सिल काढली आणि माझ्या डोळ्यांदेखत ते वाक्य लिहिलं. समिती ते छापील का नाही, मला माहीत नाही. नाही छापलं तर काय करायचं ते मी ठरवून ठेवलंय.

मास्तर अजून वही मिटत होते, तेवढ्यात मावशीनं हंडा माझ्यापुढं सरकवला. "आता माजं नाव टाक."

मी मशीन घेतलं. तिचं नाव टाकलं, त्याखाली "आजीकडून सप्रेम भेट". शेवटी गावाचं नाव टाकायची पद्धत आहे, म्हणून हात तिकडं नेला, तर तिनं मनगट धरलं.

"गाव नगं. लिंबाखाली, बाजारतळ, आसं टाक."

मास्तर म्हणाले, "मावशी, तिथं आता लिंब न्हाई."

"मला ठाव हाय न्हाई ते. हिलाबी ठाव हाय."

मी टाकलं. एवढ्या वर्षांत हजारो नावं टाकली असतील, पण इतकं हळू मशीन कधी चालवलं नव्हतं. मशीन बंद झालं. मावशीनं पदरानं हंडा पुसला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी म्हटलं, "बरोबर हाय न्हवं?"

"आसं कसं हो म्हनू?" ती म्हणाली. "आधी काय लिवलंस ते वाच. मग मी हो म्हनते."

मी चष्मा लावला आणि रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचलं.